ओल्या कडेची सुकवण : वेव्हगाईड प्रकल्पाच्या नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, सोलापूर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत अण्णांच्या कारखान्यात गेलो होतो. दारातच परत आलेला गठ्ठा पडलेला. हॉटेलसाठी गेलेले पांढरे टेरी नॅपकिन. यांच्याकडे हॉटेलचा माल शिवून झाल्यावर सॉफ्टनरच्या पाण्यातून काढतात, हायड्रोमध्ये पिळतात, गरम हवेच्या खोलीत वाळवतात आणि मग पॅक करतात. मधलं कापड स्वच्छ होतं. दुमडून शिवलेल्या कडेवर मात्र मोहरीएवढे काळे ठिपके. बुरशी. अण्णांनी एक नॅपकिन माझ्या हातात दिला. "सर, हाताला कोरडा लागतो बघा. आम्हालाही तसाच लागला होता."

कडेला टेरीचे तीन थर एकावर एक येतात, वर शिवणीने आवळलेले. गरम हवा बाहेरून आत जाते, त्यामुळे वरचा थर वाळतो आणि मधला ओल धरून बसतो. कड वाळेपर्यंत थांबलं तर मधलं कापड खरखरीत होतं, सॉफ्टनरचा पैसा वाया. ऊन असलं की हा प्रश्नच येत नाही. सोलापूरच्या उन्हात काय वाळत नाही? पण या महिन्यात सलग पाऊस लागला आणि नेमका तेव्हाच हा माल निघाला.

बसमध्ये येताना एकच विचार डोक्यात होता. मायक्रोवेव्ह कापड बाहेरून आत तापवत नाही, जिथे पाणी असेल तिथेच ऊर्जा सोडतो. मग ओली राहिलेली कड त्याला आपोआप सापडायला हवी. घरच्या ओव्हनमध्ये लहरी चहूबाजूंनी आपटतात, कुठे किती गरम होईल याचा नेम नसतो. आयताकृती वेव्हगाईडमध्ये, म्हणजे लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत, मात्र विद्युतक्षेत्र कुठे आहे ते मिलिमीटरमध्ये सांगता येतं. आणि कड म्हणजे लांब, अरुंद पट्टी. नळीत बसेल अशीच.

२४ सप्टेंबर

तिसऱ्या वर्षाची दोन मुलं आणि एक मुलगी प्रकल्पात आली. आधी त्यांना प्रयोगशाळेतल्या जुन्या एक्स-बँड बेंचवर, म्हणजे मायक्रोवेव्ह शिकवायच्या टेबलावरच्या उपकरणावर, बसवलं. त्याची शक्ती मिलिवॅटमधली, पाण्याचा थेंबही तापणार नाही. पण प्रोब, म्हणजे नळीतलं क्षेत्र मोजणारी सुई, सरकवत गेलं की मीटरचा काटा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. स्थिर लहर, म्हणजे जिचे जोर आणि शून्य जागच्या जागी राहतात ती, पुस्तकात वाचणं वेगळं आणि अशी बोटाखालून सरकताना पाहणं वेगळं. मुलीने विचारलं, "सर, काटा शून्यावर येतो तिथे कड ठेवली तर?" तिथे ती ओलीच राहील, म्हटलं. हा प्रश्न पुढे आपला सगळा वेळ खाणार आहे, हे तिला तेव्हाच सांगून ठेवलं.

पोकळ नळीतून लहरी कशा जातात याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८९७ साली मांडलं. त्याच दशकात जगदीशचंद्र बोस कोलकात्यात पोकळ नळ्या आणि शिंगाच्या आकाराचे अँटेना घेऊन मिलिमीटर लहरींचे प्रयोग करत होते. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी तितक्याच आनंदाने सांगतो.

आमचं गणित: वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, हवेत तरंगलांबी १२२.४ मिलिमीटर. डब्ल्यूआर-३४० मापाचा वेव्हगाईड, आतून ८६.४ बाय ४३.२ मिलिमीटर. रुंदीच्या दुपटीहून लांब लहर या नळीत शिरतच नाही, म्हणजे १.७४ गिगाहर्ट्झच्या खाली दार बंद. यालाच कटऑफ म्हणतात. २.४५ ला नळीच्या आतली तरंगलांबी वाढून १७३ मिलिमीटर होते. तिची निम्मी ८७, पाव ४३. हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिले आणि पुसायचे नाहीत असं शिपाई मामांना सांगितलं.

टीई-१० मोडमध्ये, म्हणजे लहर नळीतून जाण्याच्या सर्वांत साध्या तऱ्हेत, विद्युतक्षेत्र उभं असतं, रुंदीच्या मधोमध सर्वांत जोरदार, दोन्ही बाजूंच्या भिंतींपाशी शून्य. उंचीत मात्र वरपासून खालपर्यंत सारखंच. म्हणून कड मधोमध लटकली पाहिजे. ती दोन मिलिमीटर वर-खाली झाली तरी फरक पडत नाही.

७ ऑक्टोबर

रचना ठरली. वरच्या आणि खालच्या रुंद भिंतीत, बरोबर मध्यरेषेवर, लांबीच्या दिशेने फट. भिंतीत अशी फट पाडली तर सगळी शक्ती बाहेर येणार नाही का, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. या मोडमध्ये रुंद भिंतीच्या मध्यरेषेवर प्रवाह लांबीच्याच दिशेने वाहतो, आडवा प्रवाह तिथे शून्य असतो. फट लांबीच्या दिशेने असेल तर ती कोणत्याच प्रवाहाला कापत नाही आणि बाहेर काही फेकत नाही. एक्स-बँड बेंचवरच्या प्रोबची फटही याच कारणाने तिथे असते.

म्हणजे अख्खी नळी कापायची गरज नाही. तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन सी चॅनेल समोरासमोर ठेवायचे, मध्ये ८ मिलिमीटर अंतर. प्रत्येकाची खोली ३९.२, एकूण रुंदी ८६.४. फटीच्या कडा बाहेरच्या बाजूला ६० मिलिमीटर वळवलेल्या. त्यांना आम्ही ओठ म्हणतो. फट ३६ सेंटीमीटर लांब, नॅपकिन ३० चा. काम फॅब्रिकेटरकडे दिलं.

२२ ऑक्टोबर

मॅग्नेट्रॉन हेड (लहर तयार करणारा भाग), आयसोलेटर (परत येणारी लहर जिरवणारा) आणि पाण्याचा लोड जोडून शक्ती मोजली. लोडमधून पाणी वाहतं, उरलेली सगळी लहर त्यात जिरते. बादली आणि स्टॉपवॉच: दोन लिटर भरायला ९६ सेकंद, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटर. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात ७.८ अंशांचा फरक. मिनिटाला एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ७० वॅट लागतात. हिशेब ६८० वॅट. इतकी साधी आणि इतकी विश्वासू मोजणी दुसरी नाही.

नियम भिंतीवर लावले. एकट्याने चालू करायचं नाही. मॅग्नेट्रॉनला चार हजार व्होल्टच्या आसपास लागतात, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. हेडचं झाकण मुलांनी उघडायचं नाही, मीही एकटा असताना नाही. डोळे फटीच्या पातळीला न्यायचे नाहीत. डोळ्यातल्या भिंगातून रक्त वाहत नाही, त्यामुळे तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही. झाकण उघडलं की वीज तुटेल असा स्विच दोन ठिकाणी.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर चॅनेल आले, बसवले, फटीत ओला नॅपकिन सोडला आणि दहा टक्के शक्तीवर चालू केलं. गळती मोजायचा मीटर ओरडला. घरगुती ओव्हनसाठी पाच सेंटीमीटर अंतरावर प्रति चौरस सेंटीमीटर ५ मिलिवॅट ही मर्यादा आहे. आम्ही दहा टक्क्यांवरच तिच्या निम्म्यावर पोचलो होतो. तत्काळ बंद.

एका मुलाने सुचवलं, ओठ लांब करू. पत्र्याच्या पट्ट्या जोडून ६० चे १२० केले. गळती जवळजवळ तेवढीच. संध्याकाळी सगळे खिन्न होऊन घरी गेले.

१४ नोव्हेंबर

कारण सापडलं. व्हर्नियर घेऊन दोन्ही चॅनेल मोजले: एकाची खोली ४२, दुसऱ्याची ३८.५. वाकवताना पत्रा सरकला असणार. फट मध्यरेषेपासून पावणेदोन मिलिमीटर बाजूला गेली होती. तिथे थोडा आडवा प्रवाह असतो, फट तो कापते, आणि मग दोन ओठांच्या मधून एक अशी लहर निघते जिचं क्षेत्र एका ओठापासून दुसऱ्या ओठाकडे जातं. या लहरीला कटऑफच नाही. फट कितीही अरुंद करा, ओठ कितीही लांब करा, ती आरामात बाहेर येते. म्हणून परवाचा उपाय फुकट गेला. तिला मुळात जन्मालाच येऊ द्यायचं नाही, हा एकच इलाज, आणि त्यासाठी दोन्ही बाजू बरोबर सारख्या हव्यात.

चूक आमची होती. माल ताब्यात घेताना मोजायला हवा होता. मुलांना हे फळ्यावर शिकवायला मला दोन तास लागले असते. व्हर्नियरने दहा मिनिटांत झालं.

२८ नोव्हेंबर

नवे चॅनेल, दोन्ही ३९.२, फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. पूर्ण शक्तीवर, ओल्या कापडासह, मीटर ०.३. आता काम सुरू.

स्थिर लहर डोळ्यांना दाखवायची होती. एसटीच्या तिकिटाचा कागद उष्णतेने काळा होतो. कोरा रोल मिळवला, पट्टी कापली, स्प्रेने किंचित ओलावली आणि फटीत उभी धरली. नळीच्या टोकाला लोडऐवजी धातूची पाटी, म्हणजे शॉर्ट. आठ सेकंद. पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर काळे, लांबट डाग, मध्ये पांढऱ्या जागा, डागांच्या कडा करड्या होत विरत गेलेल्या. मुलीने पट्टी टेबलावर ताणून धरली, मी फूटपट्टीने मोजलं. शॉर्टपासून १३१, २१७, ३०५, ३९०. फळ्यावरचे आकडे जुळले: पहिला जोर शॉर्टपासून पाव लांबीवर, म्हणजे ४३ वर, तो फटीच्या बाहेर बंद भागात येतो; त्यापुढे दर ८७ ला एक.

ती पट्टी फळ्याशेजारी चिकटवली आहे. महिन्याभरात फिकी पडेल, म्हणून फोटोही काढून ठेवला.

९ डिसेंबर

अख्खा नॅपकिन फटीतून लटकवून वाळवून पाहिला. कोरडं वजन ६० ग्रॅम, हायड्रोनंतर ९५. टोकाला पाण्याचा लोड. पहिल्या फेरीत जनरेटरकडची बाजू कडकडीत, लांबची ओलसर. लहर पुढे सरकते तशी शक्ती कापडात जिरत जाते, शेवटच्या भागाला उरतं ते थोडं. अर्ध्या वेळेला नॅपकिन उलटा फिरवला तेव्हा दोन्ही बाजू जुळल्या. १६० सेकंदांत २९ ग्रॅम पाणी गेलं.

विजेचा हिशेब मात्र परवडत नाही. हेड ११५० वॅट घेतं; एक किलो पाणी उडवायला पावणेदोन युनिट पडलं. नुसत्या पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे ०.७ युनिट पुरतं. हायड्रो तेच पाणी पिळून काढतो त्याला याच्या तुलनेत काहीच वीज लागत नाही, आणि ऊन तर फुकट. अण्णांना मी फोनवर स्पष्ट सांगितलं: सगळा माल याने वाळवायचा विचार सोडा. मधलं कापड गरम हवेवर वाळू दे. आपण फक्त कडेकडे जायचं.

त्यांचा आवाज थोडा पडला. त्यांना अख्खं मशीन हवं होतं, हे मला ठाऊक आहे. पण खोटी आशा दाखवून मी त्यांचा पैसा घालवणार नाही.

३ जानेवारी २०२५

गरम हवेच्या खोलीतून नॅपकिन आणले. कड कापून, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओल काढली: मध्यभागी ७ टक्के, कडेत २४. हाताला दोन्ही सारखेच लागतात.

कड वरच्या फटीतून आत सोडली, बाकी नॅपकिन बाहेर. लोडच्या पाण्यातला फरक ७.८ वरून ६.८ वर आला. म्हणजे कडेने घेतले जेमतेम ८७ वॅट, उरलेले सगळे पुढे जाऊन पाणी तापवतायत. इतक्या बारीक पट्टीला एवढी मोठी नळी. कड पूर्ण आतपर्यंत तापते यात शंका नाही. पाण्यातही ही लहर दीड-पावणेदोन सेंटीमीटर शिरते, आणि कडेची जाडी सहा मिलिमीटर. प्रश्न शक्ती पुरेशी घेण्याचा आहे.

१८ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळे कॉलेजला सुट्टी होती, तेवढ्यात सरकता शॉर्ट तयार करून घेतला. नळीत बसणारी पाटी, कडेला तांब्याच्या स्प्रिंगची बोटं, मागे दांडी.

शॉर्ट लावला की लहर परत फिरते. जोराच्या जागी क्षेत्र दुप्पट, उष्णता चौपट. अधल्यामधल्या जागी शून्य. सप्टेंबरात मुलीने विचारलेला प्रश्न इथे उभा राहिला. उत्तर त्याच तिकिटाच्या कागदात होतं. अर्ध्या वेळेनंतर शॉर्ट ४३ मिलिमीटर सरकवायचा, पाव तरंगलांबी. आधी जिथे शून्य होतं तिथे आता पूर्ण जोर येतो. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग, बेरीज सगळीकडे एकच. दोन्ही वेळ सारखे ठेवले की कड सलग वाळते. नवी ओलसर पट्टी घालून पाहिली: डाग गेले, सबंध पट्टी एकसारखी करडी.

मुलगी बराच वेळ ती पट्टी हातात घेऊन उभी होती. दहावीपासून पाठ असलेलं सूत्र असं हातात येतं तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे.

२० सेकंद, सरकवणे, पुन्हा २० सेकंद. कड २४ वरून ९ टक्क्यांवर.

२९ जानेवारी

सात कडा उत्तम गेल्या आणि आठवी भाजली. शिवणीच्या बाजूला नखाएवढा तपकिरी डाग, वास आला तेव्हाच बंद केलं. दोरा काळा पडून हात लावताच तुटला. आधी टाचणी किंवा स्टेपल राहिलं असेल म्हणून शोधलं. एकदा लॉटच्या चिठ्ठीच्या पिनेने ठिणगी उडवली होती. यात धातू नव्हता. उसवून पाहिलं तर मधल्या थरावर पांढुरकी पूड. जिभेला खारट.

मीठ! पाणी कापडात ओढलं जातं ते शेवटी वाळणाऱ्या जागेकडे, आणि सोबत विरघळलेले क्षार नेतं. शेवटी वाळते ती कड. म्हणजे अख्ख्या नॅपकिनच्या पाण्यातला क्षार तिथे येऊन बसतो. क्षारपाणी मायक्रोवेव्ह जास्त ओढतं. शुद्ध पाणी तापत गेलं की ओढ कमी होत जाते, क्षारांची मात्र तापल्यावर वाढते. पाणी उडतं, क्षार घट्ट होतात, जागा आणखी तापते, आणखी ओढते.

६ फेब्रुवारी

अण्णांकडे शेवटचं पाणी बोअरचं असतं. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला: १४०० च्या वर. नळाचं पाणी उजनीचं, त्यापेक्षा कितीतरी गोडं, पण ते रोज येत नाही, म्हणून टाकीतलं धुण्याला वापरत नाहीत. मी म्हटलं, सगळं धुणं बोअरवरच करा, शेवटचा एक हात तेवढा नळाच्या पाण्याचा द्या.

कारखान्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, तेलुगूत अण्णांशी काहीतरी बोलला. अण्णा हसले. "म्हणतोय, माझी आजी सुताच्या लडीला शेवटचं पाणी गोडंच द्यायची. रंग उघडतो म्हणायची." मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक नॅपकिन वाचला असता.

या पाण्यातून काढलेल्या चाळीस कडा केल्या. एकही भाजली नाही.

२४ फेब्रुवारी

वेळेचा हिशेब अजून आडवा येतो. एका कडेला ४० सेकंद, नॅपकिनला दोन कडा. सहाशे नॅपकिनला तेरा तासांहून जास्त. दोन नॅपकिन पाठीला पाठ लावून सोडायचे तर ८ मिलिमीटरची फट पुरत नाही. जबरदस्तीने दोन घातले तेव्हा वेळ ४६ सेकंदांवर गेली, म्हणजे कामाला जवळपास पावणेदोन पट वेग. बारीक भार असताना जी शक्ती परतून आयसोलेटरमध्ये वाया जात होती ती आता दुसरी कड घेते.

आज वीस नॅपकिन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केले. दहा वेव्हगाईडमधून काढलेले, दहा नुसते गरम हवेचे. सगळे एका पेटीत, वर ओलं गोणपाट, कोपऱ्यात उबदार जागी.

११ मार्च

पेटी उघडली. अण्णा, जॉबर आणि तिघं विद्यार्थी भोवती. नुसत्या हवेच्या दहांपैकी चारांच्या कडेवर ठिपके, एकाला पिशवी उघडताच कुबट वास. आमच्या दहांच्या कडा पांढऱ्या. जॉबरने एकेक शिवण उसवून आतला थर पाहिला, बाहेरून पाहण्यावर त्याचा विश्वास नव्हता. दहाव्याला त्याने कात्री खाली ठेवली.

दहा हा आकडा लहान आहे. पावसाळ्यात शंभर-शंभरचे दोन गट करायचे ठरले. अण्णांनी विचारलं, दोन कडा मावतील अशी नवी नळी मृगाच्या आधी होईल का. होईल. फट १६ मिलिमीटर, चॅनेलची खोली ३५.२. गळती नव्याने मोजावी लागेल, फट रुंद झाल्याने चूक कमी खपवून घेतली जाईल. फॅब्रिकेटरकडे उद्या मुलगी जाणार आहे. व्हर्नियर तिने आत्ताच पिशवीत टाकला.